प्रकाश आणि पदार्थ: नागपूरकरांचे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

ऊन तापायला लागलं की हे प्रश्न जास्त येतात, परीक्षा जवळ आली की जरा वेगळे येतात, पण फिरून फिरून तेच. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. वरून खाली सोपं ते अवघड असं लावलंय, पण मधूनच कुठलंही वाचलं तरी चालते. एक गोष्ट मात्र आधी सांगतो, कारण ती जवळपास प्रत्येक उत्तरात येणार आहे: प्रकाश आणि पदार्थाची गाठ पडते ती बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनपाशी. संत्रा नारंगी का, काच आरपार का, पाण्यात प्रकाश हळू का, सोलर पॅनल वीज कशी देतो, कुठेही अडलात तर विचारायचं की इथला इलेक्ट्रॉन काय करून राहिला. अर्धं उत्तर तिथंच सापडते.

१. प्रकाश नेमका काय आहे, लाट की कण? एकदाचं सांगून टाका ना.

प्रवास करताना त्याचं गणित लाटेचं असते आणि देवाणघेवाण करताना तो ठरावीक पुड्यांमध्येच ऊर्जा देतो किंवा घेतो, अर्धी पुडी कधीच नाही. त्या पुडीला फोटॉन म्हणतात. लाट कशाची, तर विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राची, म्हणून तिला हवा-पाणी असं काही माध्यम लागत नाही आणि सूर्याचा प्रकाश रिकाम्या जागेतून आपल्यापर्यंत येतो. "कधी लाट असतो, कधी कण होतो" असं काही पुस्तकांत लिहिलेलं असते ते मला पटत नाही, कारण प्रकाश काही रूप बदलत नसतो, आपण त्याला प्रश्न वेगळा विचारतो म्हणून उत्तर वेगळं येते.

२. प्रकाशाचा वेग किती आणि तो खरंच कोणी मोजला का?

रिकाम्या जागेत सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर आणि वर थोडं. चंद्रावरून यायला साधारण १.३ सेकंद, सूर्यावरून ८ मिनिटं २० सेकंद. प्रकाशाला वेग आहे, तो झटक्यात पोचत नाही, हे पहिल्यांदा १६७६ मध्ये रोमर यांनी गुरूच्या आयो या चंद्राच्या ग्रहणांवरून दाखवलं. पृथ्वी गुरूपासून लांब गेली की ग्रहणं हिशोबापेक्षा उशिरा दिसायची, जवळ आली की लवकर. पुढे मोजमाप इतकं पक्कं झालं की १९८३ पासून उलटं केलं, वेगाचा आकडा कायमचा ठरवून टाकला आणि मीटरची लांबी त्यावरून काढायची.

३. संत्रा नारंगी काहून दिसते? त्याच्यात नारंगी प्रकाश असते का?

नसते. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात, सालीतल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचे इलेक्ट्रॉन त्यातला निळा-जांभळा भाग आणि थोडा हिरवाही शोषून घेतात आणि उरलेला पिवळा-लाल भाग विखरून आपल्या डोळ्यांत येतो. मग डोळा आणि मेंदू मिळून त्याला नारंगी म्हणतात. शोषलेला प्रकाश गायब होत नाही, त्याची ऊर्जा रेणूच्या थरथरीत जाते, म्हणजे साल किंचित तापते.

यावरून पुढचा प्रश्न नेहमी येतो की रात्री जुन्या पिवळ्या सोडियम लाइटखाली ठेल्यावरची फळं विचित्र का दिसायची. त्या दिव्यांच्या प्रकाशात पिवळा भाग फार जास्त आणि निळा जवळपास नसायचा, आणि जो रंग दिव्यातच नाही तो फळ परत कुठून देणार! आता एलईडी आल्यापासून हा फरक कमी झालाय. पिकलेपणा बघून संत्रा घ्यायचा असेल तर दिवसाच्या उजेडात घ्या.

४. भिंतीतून प्रकाश जात नाही मग काचेतून कसा जातो? दोन्ही घट्टच तर आहेत.

घट्टपणाचा संबंधच नाही. इलेक्ट्रॉनला पदार्थात कुठलीही ऊर्जा घेता येत नाही, त्याला ठरावीक पायऱ्या असतात. काचेत पहिली पायरी इतकी उंच आहे की दिसणाऱ्या प्रकाशाचा फोटॉन, ज्याची ऊर्जा साधारण २ ते ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) असते, ती चढवू शकत नाही. म्हणून शोषण होत नाही आणि प्रकाश आरपार जातो. अतिनील किरणांच्या फोटॉनमध्ये ऊर्जा जास्त, म्हणून खिडकीची साधी काच त्यातला त्वचा भाजणारा भाग बराचसा अडवते.

भिंतीत दोन गोष्टी होतात. एक म्हणजे शोषण, आणि दुसरी लाखो बारीक कणांच्या कडांवर प्रकाशाचं इकडेतिकडे फेकलं जाणं. दुसरी गोष्ट घरी बघता येते: काच फोडून बारीक चुरा केला तर तो पांढरा दिसतो, आरपार दिसत नाही, पदार्थ तोच असूनही. (चुरा स्वतः करू नका, फुटलेल्या गाडीच्या काचेचा ढीग रस्त्याकडेला दिसला की बघा.)

५. स्टीलचा डबा चमकते, आणि लिफ्टमध्ये मोबाईलची रेंज जाते, हे दोन्ही एकच कारण आहे असं सर म्हणाले. खरं का?

खरं आहे. धातूत बरेच इलेक्ट्रॉन कुठल्याच अणूला बांधलेले नसतात, मोकळे फिरतात. वरून लाट आली की ते तिच्या तालावर हलतात, आणि हलणारा विद्युतभार स्वतः लाट सोडतो. ही नवीन लाट धातूच्या आत मूळ लाटेला खोडून काढते आणि बाहेरच्या बाजूला परतीची लाट बनते. दिसणाऱ्या प्रकाशासाठी त्याला आपण चमक म्हणतो आणि मोबाईलच्या रेडिओ लहरींसाठी "रेंज गेली" म्हणतो. मायक्रोवेव्हच्या दारावर जाळी असते तीही याचसाठी, आतल्या लहरींची लांबी (एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंत) साधारण १२ सेंटीमीटर, जाळीची भोकं दीड-दोन मिलीमीटरची, त्यामुळे लहर बाहेर निघू शकत नाही पण प्रकाशाची लांबी त्याहून हजारो पट लहान म्हणून आतली वाटी दिसते.

६. आकाश निळं का? आणि संध्याकाळी फुटाळा तलावावर बसलं की लाल का?

हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन प्रकाशाने हलतात आणि सगळ्या दिशांना थोडा थोडा प्रकाश परत फेकतात. लहर जितकी आखूड तितकं हे फेकणं जास्त, आणि जास्त म्हणजे चौथ्या घाताने जास्त. ४५० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) निळा आणि ७०० नॅनोमीटरचा लाल घेतला तर निळा जवळपास सहापट जास्त विखुरतो. संध्याकाळी सूर्य खाली असतो, प्रकाश हवेच्या खूप लांब थरातून तिरपा येतो, निळा वाटेतच निघून जातो, उरतो लाल.

जांभळा तर निळ्याहून आखूड, मग आकाश जांभळं का नाही? सूर्यप्रकाशात जांभळा कमी, वरच्या हवेत थोडा शोषला जातो, आणि आपला डोळा जांभळ्याला कमी दाद देतो. तिन्ही मिळून निळं.

मे महिन्यात आपलं आकाश निळं कमी आणि पांढुरकं जास्त दिसते त्याचं कारण धूळ. धुळीचे कण प्रकाशाच्या लहरीपेक्षा मोठे असतात, ते सगळे रंग सारखेच फेकतात. पहिला दमदार पाऊस पडून उघडलं की फरक बघा.

७. वर्धा रोडवर दुपारी समोर पाणी दिसते आणि जवळ गेलं की गायब. डोळ्यांचा भास आहे ना हा?

भास नाही, खरा प्रकाश खऱ्या वाटेने तुमच्या डोळ्यात येतोय, फोटो काढला तर फोटोतही येतो. डांबर तापलं की त्याला चिकटलेली हवा वरच्या हवेपेक्षा वीसेक अंशांनीही जास्त तापू शकते. गरम हवा विरळ, विरळ हवेत प्रकाश किंचित जास्त वेगाने जातो, त्यामुळे आकाशातून खाली येणारा तिरपा किरण जमिनीजवळ हळूहळू वळून परत वर जातो आणि तुम्हाला आकाशाचाच तुकडा रस्त्यावर दिसतो. मेंदू त्याला पाणी समजतो कारण रोजच्या जगात आकाश खाली फक्त पाण्यातच दिसते.

मला यातला आकडा फार आवडतो. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश रिकाम्या जागेपेक्षा तिथे किती पट हळू जातो तो आकडा, १.०००३ च्या आसपास, आणि वीस अंशांच्या फरकाने तो बदलतो फक्त पाचव्या दशांश स्थानी. इतक्या बारीक फरकाने किरण वळतो तो अर्ध्या अंशापेक्षाही कमी कोनात. म्हणून गाडीत बसलेल्या माणसाला हे "पाणी" दीडदोनशे मीटर पुढेच दिसते, आणि तुम्ही पुढे गेलात की तो कोन राहत नाही, म्हणून ते पण पुढे सरकते. वाकून डोळा रस्त्याच्या जवळ नेला तर ते जवळ येते, कडेला सुरक्षित जागी उभं राहून करून बघा.

८. ४६ डिग्रीत हवेचे रेणू किती जोरात पळत असतील?

वाटते तितका फरक नाही. हवेतला नायट्रोजनचा रेणू सेकंदाला साधारण ५०० मीटर पळतो, जानेवारीतही आणि मे मध्येही. वेग तापमानाच्या वर्गमुळावर चालतो आणि तापमान शून्य सेल्सिअसपासून नाही तर उणे २७३ पासून मोजायचं, त्यामुळे १० डिग्रीची पहाट आणि ४६ डिग्रीची दुपार यांत रेणूंचा वेग जेमतेम ६ टक्क्यांनी वाढतो. तेवढ्या ६ टक्क्यांनी आपला जीव नकोसा होतो.

इतक्या वेगाने पळूनही अगरबत्तीचा वास खोलीच्या दुसऱ्या टोकाला लगेच पोचत नाही, कारण रेणू दर सेकंदाला अब्जावधी वेळा एकमेकांवर आपटतात आणि वाट बदलत राहतात.

९. नागपूरच्या उन्हात सोलर पॅनल मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज देत असेल ना?

हा प्रश्न छतावर पॅनल बसवलेले सगळेच विचारतात. पॅनलला हवा प्रकाश, उष्णता नको. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची पायरी चढावी लागते. फोटॉनमध्ये तेवढी ऊर्जा असेल तर इलेक्ट्रॉन चढतो, कमी असेल तर फोटॉन कितीही आले तरी काही होत नाही, आणि जास्त असेल तर वरची ऊर्जा उष्णतेत वाया जाते. म्हणूनच अशा एका थराच्या पॅनलला ३३ टक्क्यांच्या आसपास निसर्गाचीच मर्यादा आहे, घरचे चांगले पॅनल २०-२२ टक्के देतात.

आता उष्णता. पॅनलवर लिहिलेले वॅट हे सेलचं तापमान २५ डिग्री धरून असतात. त्याच्या वर प्रत्येक डिग्रीमागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. मे च्या दुपारी सेल ६५ डिग्रीला गेला तर १२ ते १६ टक्के घट फक्त तापल्यामुळे, वरून धुळीची वेगळी. तरी दिवस मोठा आणि आकाश मोकळं म्हणून महिन्याची बेरीज चांगली येते, पण दुपारी बाराला मीटर बघून "पॅनल खराब निघाला" म्हणू नका. पॅनलखाली हवा खेळायला जागा ठेवा आणि सकाळी गार असताना धुवा, तापलेल्या काचेवर एकदम थंड पाणी टाकू नका.

१०. फोटॉनने इलेक्ट्रॉन निघतो हे आईन्स्टाईनने शोधलं का?

परिणाम आधीच दिसला होता, १८८७ मध्ये हर्ट्झ यांना. गोची अशी होती की लाल प्रकाश कितीही प्रखर केला तरी बऱ्याच धातूंतून इलेक्ट्रॉन निघत नाही आणि अतिनील अगदी मंद असला तरी लगेच निघतो. लाटेच्या हिशोबात हे बसेना. १९०५ मध्ये आईन्स्टाईन यांनी सांगितलं की ऊर्जा पुड्यांमध्ये येते आणि एका इलेक्ट्रॉनला एक पुडी मिळते. १९२१ चं नोबेल त्यांना मुख्यतः यासाठीच, सापेक्षतेसाठी नाही. पायरीची गोष्ट वर ४ आणि ९ मध्ये आलीच आहे.

११. रामन यांचा शोध नक्की काय? विज्ञान केंद्रात जाऊन आलो पण डोक्यात नाही शिरलं.

गांधीसागरजवळचं रामन विज्ञान केंद्र पोरांना घेऊन जरूर बघा. रामन स्वतः अर्थखात्यात नोकरी करत असताना काही काळ नागपुरात पोस्टिंगवर होते.

शोध असा. ६ मध्ये सांगितलेल्या विखुरण्यात प्रकाश ज्या रंगाचा आला त्याच रंगाचा परत जातो. पण कोटीत एखादा फोटॉन असा निघतो की तो रेणूला थरथरायला थोडी ऊर्जा देऊन जातो, किंवा आधीच थरथरणाऱ्या रेणूकडून घेऊन जातो, आणि त्याचा रंग किंचित बदलतो. किती बदलला ते त्या रेणूवर अवलंबून, म्हणून हा बदल म्हणजे रेणूची ओळखच. २८ फेब्रुवारी १९२८ ला हे जाहीर झालं, १९३० ला नोबेल मिळालं, आणि राष्ट्रीय विज्ञान दिवस त्याच तारखेला असतो. आज औषधातली भेसळ, रत्नं खरी की खोटी, हे सगळं वस्तू न फोडता यानेच तपासतात. कोटीतला एक फोटॉन त्यांनी सूर्यप्रकाश, फिल्टर आणि डोळा एवढ्यावर पकडला, हे मला आजही थक्क करते.

१२. पाण्यात, काचेत प्रकाश हळू का होतो? अणूंवर आपटत आपटत जातो म्हणून ना?

नाही, आणि ही चूक इतकी पसरली आहे की इथे जरा थांबूया. आपटत गेला असता तर प्रत्येक आपटीला दिशा बदलली असती आणि काचेतून पलीकडचं धड दिसलंच नसतं. शिवाय "अणू फोटॉन गिळतो आणि थोड्या वेळाने सोडतो" हेही नाही, कारण काचेत पायरी चढायला पुरेशी ऊर्जाच नाही हे ४ मध्ये बघितलं.

खरं असं होते की लाट आली की अणूला बांधलेले इलेक्ट्रॉन तिच्या तालावर थोडे हलतात आणि आपापली बारीक लाट सोडतात, पण मूळ लाटेपेक्षा किंचित मागून. भजनात पुढच्यांच्या मागोमाग मागचे सगळे टाळकरी जरासे उशिरा टाळ वाजवत असले तर ऐकणाऱ्याला एकूण ताल मागे सरकलेला वाटतो, तसं मूळ लाट आणि या सगळ्या लाटांची बेरीज झाली की शिखर मागे सरकलेलं मिळते. पुढच्या थरात परत तेच, त्याच्या पुढे परत तेच, आणि शेवटी लाट हळू चाललेली दिसते. पाण्यात सेकंदाला सुमारे २.२५ लाख किलोमीटर, काचेत २ लाख, हिऱ्यात सव्वा लाखाच्याही खाली.

बाहेर पडल्यावर प्रकाश परत पूर्ण वेगाने जातो, त्याला वेग "वाढवायला" काही लागत नाही, कारण मागे सरकवणारे इलेक्ट्रॉन संपले एवढंच. निळ्याला जास्त आणि लालला कमी मागे सरकवतात म्हणून प्रिझममधून रंग फाकतात.

आणि किती हळू करता येते? १९९९ मध्ये लेना हाऊ यांच्या टीमने अतिथंड सोडियमच्या ढगात प्रकाशाचा एक स्पंद, म्हणजे छोटासा झोत, सेकंदाला १७ मीटरवर आणला, म्हणजे ताशी साठेक किलोमीटर.

१३. मग प्रकाशापेक्षा जास्त वेगाने काहीच जात नाही म्हणता, पण पाण्यात तर प्रकाशच हळू झाला. तिथे त्याला मागे टाकता येते का?

येते! मर्यादा रिकाम्या जागेतल्या वेगाची आहे. पाण्यात एखादा इलेक्ट्रॉन २.२५ लाखांपेक्षा जास्त वेगाने घुसला तर तो वाटेतल्या रेणूंना असं हलवतो की त्यांच्या लाटा एकावर एक चढून निळसर उजेड निघतो. याला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात, १९३४ मध्ये दिसला, १९५८ ला नोबेल. आपल्या तुर्भ्याची १९५६ ची अप्सरा अणुभट्टी पाण्याच्या टाकीतली होती, तिच्यातला निळा उजेड हाच.

रिकाम्या जागेत मात्र कोणी पुढे जात नाही. जिनिव्हाजवळच्या मोठ्या कोलायडरमध्ये (कण एकमेकांवर आदळवायचं यंत्र) प्रोटॉन प्रकाशाच्या ९९.९९९९९९ टक्के वेगाने फिरतात, शर्यत लावली तर प्रकाश सेकंदाला फक्त तीनेक मीटर पुढे राहील. पण ते तीन मीटर भरून काढायला कितीही ऊर्जा ओतली तरी पुरत नाही.

१४. फोटॉनला वस्तुमान नाही तर तो धक्का कसा देतो?

धक्का येतो संवेगातून, म्हणजे हालचालीच्या जोरातून, आणि संवेग वस्तुमानाशिवायही असू शकतो, फोटॉनचा संवेग त्याच्या ऊर्जेवरून येतो. भर दुपारचं ऊन एक चौरस मीटर काळ्या पत्र्यावर जो दाब देते तो मिलीग्रॅमच्या एक तृतीयांश वजनाएवढा, म्हणून जाणवत नाही. अवकाशात हवा नाही, घर्षण नाही, तिथे हा पुरतो: जपानच्या इकारोस यानाने २०१० मध्ये प्रकाशाच्या शिडावर प्रवास करून दाखवला.

१५. प्रकाश लाट आणि कण दोन्ही, मग जामठ्याच्या क्रिकेट मैदानावरचा चेंडूही लाट आहे का?

द ब्रॉय यांनी १९२४ मध्ये मांडलं की प्रत्येक पदार्थाला लाट आहे, आणि १९२७ मध्ये इलेक्ट्रॉनसाठी ते प्रयोगातून सिद्ध झालं. चेंडूचा हिशोब करू: १६० ग्रॅम, सेकंदाला ४० मीटर, तर लहरीची लांबी येते दशांश चिन्हानंतर ३३ शून्यं देऊन १, एवढे मीटर. अणूच्या केंद्रापेक्षाही ती इतकी लहान की तिचा परिणाम दाखवणारी फट कशाचीच बनू शकत नाही. इलेक्ट्रॉनची लहर मात्र उपयोगी पडते, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप त्यावरच चालतो. १९९९ मध्ये व्हिएन्नात ६० कार्बन अणूंच्या रेणूचीही लाट दिसली, म्हणजे सीमा फक्त इलेक्ट्रॉनपुरती नाही.

१६. बटन दाबलं की लाइट लगेच लागते, म्हणजे तारेतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने धावतात ना?

तारेतले इलेक्ट्रॉन पुढे सरकतात ते सेकंदाला मिलीमीटरच्याही काही भागाएवढे, आणि घरच्या एसी विजेत तर जागच्या जागी पुढे-मागे होतात, बटनापाशी असलेला इलेक्ट्रॉन बल्बपर्यंत येतच नाही. वेगाने जाते ते विद्युत क्षेत्र, तेच सगळ्या तारेतल्या इलेक्ट्रॉनना जवळपास एकदम हलवते.

१७. लेझर चंद्रावर मारून मनगट झटक्यात फिरवलं तर तिथला ठिपका प्रकाशापेक्षा जास्त वेगाने पळेल की नाही?

पळेल, आणि नियम मोडणार नाही. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, आपल्याला तो अर्ध्या अंशाचा दिसतो. मनगट तेवढं एका सेकंदाच्या शंभराव्या भागात फिरलं तर ठिपका सेकंदाला साडेतीन लाख किलोमीटरच्या आसपास गेला. पण एका टोकावर पडलेले फोटॉन दुसऱ्या टोकाला गेलेच नाहीत. प्रत्येक फोटॉन तुमच्या हातातून निघून सरळ चंद्रावर गेला, १.३ सेकंद घेऊन, आपल्या ठरलेल्या वेगाने. डावीकडे उभ्या असलेल्या माणसाला त्या ठिपक्यातून उजवीकडच्याला काहीच निरोप पाठवता येणार नाही, कारण ठिपका कुठे पडणार हे दोघांपैकी कोणाच्याच हातात नाही, ते पृथ्वीवरून ठरतेय. सावलीचंही असंच, तीही कितीही वेगाने पळू शकते.